वंगण

बेल्मिरोने मशीन आणलं ते हातगाडीवरून,
मासळीच्या रिकाम्या खोक्यात, चादरीत गुंडाळून.
म्हणाला, "चाक फिरत नाही.
मोटर नुसती गुरगुरते आणि जळका वास येतो."
मी आधी वायर बघते. नेहमीच.
कापडी वेष्टण भुरभुरलेलं, आत तांबं उघडं.
"हे भिंतीत खुपसत होतास?" विचारलं.
तो म्हणाला, "दर रविवारी."

ओल्यांवच्या बंदरामागे माझं दुकान दीड खणाचं.
शर्टांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कॉलरी लावल्या;
कारखाना मिटला, यंत्रं भंगारात गेली,
मी पेचकस खिशात घालून घरी आले.
एवढंच माझं शिक्षण.

वरचं झाकण काढलं.
दांड्यांवर, सुईच्या नळीवर
पिवळा थर, काकवीसारखा.
नखाने खरवडून हुंगला. खवट.
हे मशीनचं तेल नव्हे,
हे तर ताटातलं, ऑलिव्हचं.

"आमच्याच झाडांचं आहे," तो जरा ताठ होत म्हणाला.
"पहिल्या घाण्याचं.
एर्मेलिंडा गेल्यापासून चार वर्षं
एक रविवार चुकवला नाही.
जिथे भोक दिसलं तिथे चमचाभर."

मी बोलले नाही. रॉकेलची वाटी पुढे ओढली.
दातांचा जुना ब्रश, विणकामाची मोडकी सुई,
केस वाळवायच्या पंख्याचा गरम वारा.
जोर लावायचा नसतो. थांबायचं असतं.
चाक पाव बोट पुढे, पाव बोट मागे,
रुसलेल्या माणसाला बोलतं करावं तसं.
पुन्हा रॉकेल. पुन्हा थांबणं.
तो स्टुलावर बसून होता, टोपी गुडघ्यावर.

दुपारी सुईखालची पट्टी उघडली.
दात्यांच्या खाली कीस दाबून दाबून नमदा झालेला.
चिमट्याने उचलला तर पापुद्र्यांनी सुटत गेला:
वर काळा, तिच्या बहिणीच्या दुखवट्याचा झगा.
मग निळा. पुष्कळ निळा.
"सार्डिनच्या कारखान्यातले एप्रन," तो म्हणाला,
"डझनावारी यायचे. रात्री शिवायची."
अगदी तळाशी पिवळ्याचे दोनतीन धागे.
त्यावर तो काही बोलला नाही,
मीही विचारलं नाही.

"म्हणजे मीच बिघडवलं?"
मी ब्रश खाली ठेवला.
"समुद्राचा खारा वारा, बंद खोली, चार वर्षं.
गंजाचा एक ठिपका शोधून दाखव मला."
तो चष्मा पुसून
खरंच शोधत बसला.

"आता नीट ऐक.
हे तेल पाण्यासारखं पातळ. याला वास नाही, चव नाही.
लोखंड लोखंडाला घासतं तिथे एक थेंब. चमचा नव्हे.
मोटरीत थेंबही नको,
तिच्या दोन टोकांना ग्रीस, मसुरीच्या दाण्याएवढं.
मग सुईखाली जुनं फडकं ठेवून रात्रभर सोड;
उरलंसुरलं ते पिऊन टाकेल."
कार्बनचे झिजके तुकडे बदलले, वायर नवी घातली.
तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

"बस," म्हटलं. "चालवून बघ."
"मला शिवता येत नाही."
"दोराच ओवलेला नाही. बस."
त्याने पायपट्टी दाबली ती ट्रकची दाबावी तशी.
मशीन फडक्यावरून सुसाट निघालं,
आणि त्याने पाय झटकन असा उचलला
जसा चुकून कुणाच्या पायावर पडला असावा.
फडक्यावर भोकांची एक वेडीवाकडी ओळ.

"हा आवाज तिच्या मशीनचा नाही," तो म्हणाला.
"ते खडखडायचं. पलीकडच्या खोलीत मला झोप लागायची नाही."
"कोरडं होतं म्हणून खडखडायचं."
"म्हणजे ती तेल घालतच नव्हती?"

निळा कीस अजून टेबलावर पडलेला.
"वेळ कुठला तिला," मी म्हटलं.

तो बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिला.
मग पाय परत ठेवला,
या वेळी बोटांपासून, हळू.